भुलीचा हिशेब आणि चूकभूल देणेघेणे

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या संस्थेच्या वसतिगृहात मी पाच वर्षे राहिलो, जिच्या भोजनगृहात सूर्यास्तापूर्वी ताट घेऊन रांगेत उभा राहिलो, त्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात व्याख्याता म्हणून उभे राहणे हा माझ्या पात्रतेपेक्षा मोठा सन्मान आहे, याची मला नम्र जाणीव आहे. मानद चिटणीस साहेबांनी जेव्हा निमंत्रण दिले तेव्हा विषयही त्यांनीच सुचविला. ते म्हणाले, "तू नेमके काय करतोस ते एकदा लोकांना नीट सांग. अर्धे गाव तुला अमेरिकेचा डॉक्टर समजते आणि अर्धे गाव संगणक दुरुस्त करणारा." मी या दोहोंपैकी कोणीच नाही. पुण्यात बसून मी अमेरिकेतील रुग्णालयांमध्ये दिल्या जाणाऱ्या भुलीचा हिशेब तपासतो. हा व्यवसाय वैद्यकीय संकेतन आणि देयक-आकारणी, म्हणजेच मेडिकल कोडिंग व बिलिंग, या नावाने ओळखला जातो. त्यातही माझे क्षेत्र भूलशास्त्रापुरते मर्यादित आहे.

विषय रुक्ष वाटेल. परंतु आपल्या समाजाला हिशेबाची वही परकी नाही. माझे वडील बाजारपेठेतील एका गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते. शेतकऱ्याच्या हातात जी पट्टी पडे तिच्यावर वजन, दर, अडत, हमाली आणि तोलाई असे सारे स्वतंत्रपणे लिहिलेले असे. आज मी जे पाहतो ती एक प्रकारे पट्टीच आहे. फरक इतकाच की तिच्यावर गुळाच्या रव्यांऐवजी एका निद्रिस्त माणसाच्या आयुष्यातील मिनिटे मोजलेली असतात.

पहिले देयक

भुलीच्या इतिहासाचा आरंभ आणि तिच्या हिशेबाचा आरंभ जवळजवळ एकाच दिवशी झाला, हे आपणांस नवलाचे वाटेल. ३० मार्च १८४२ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, जेफरसन नावाच्या लहानशा गावी, डॉ. क्रॉफर्ड लाँग यांनी जेम्स व्हेनेबल नावाच्या तरुणाला ईथर हुंगवून त्याच्या मानेवरील गाठ काढली. रुग्णाला वेदना झाल्या नाहीत. डॉ. लाँग यांनी आपल्या वहीत ईथर आणि गाठ काढणे यांबद्दल मिळून दोन डॉलर नोंदवले. त्यांनी आपला अनुभव १८४९ पर्यंत प्रसिद्ध केला नाही. दरम्यान १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक केले आणि कीर्ती त्यांच्याकडे गेली. पुढे मान कोणाचा यावर वाद झाला तेव्हा लाँग यांच्या बाजूने जे पुरावे उभे राहिले त्यांत त्यांच्या वहीतील त्या नोंदीचेही स्थान होते. खरी लिहिलेली एक ओळ माणसाच्या पाठीशी किती काळ उभी राहते, याचे याहून सुंदर उदाहरण मला ठाऊक नाही.

मॉर्टन यांची कथा याच्या उलट आहे. आपले औषध साधे ईथर आहे हे कळू नये म्हणून त्यांनी त्यात रंग आणि सुगंध मिसळला, त्याला 'लेथिऑन' असे नाव दिले आणि त्यावर पेटंट घेतले. परंतु ईथरचा वास लपला नाही आणि पेटंटातून अपेक्षित धनही लाभले नाही. वेदना हरण करणाऱ्या विद्येचे मोल कसे ठरवावे, हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत चालत आला आहे.

न दिसणाऱ्या सेवेचे मोजमाप

शल्यविशारदाचे काम डोळ्यांना दिसते. टाके दिसतात, व्रण दिसतो, काढलेला खडा बाटलीत घालून घरी देतात. भूलतज्ज्ञाचे काम मात्र यशस्वी झाले की त्याची कोणतीही खूण उरत नाही. रुग्णाला त्याचा चेहराही पुष्कळदा आठवत नाही. ज्या काळात आपण स्वतः श्वास घेण्यासही असमर्थ असतो त्या काळात क्षणाक्षणाला कोणीतरी आपला श्वास, नाडी, रक्तदाब आणि प्राणवायू सांभाळत असतो. या राखणदारीचे मोजमाप कशाने करावयाचे?

आपल्याकडे बहुधा शस्त्रक्रियेच्या शुल्काच्या काही हिश्श्याने भूलतज्ज्ञाचे मानधन ठरविण्याचा प्रघात आहे, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या शासकीय योजनांत ते ठरावीक पॅकेजमध्येच समाविष्ट असते. अमेरिकेने निराळा मार्ग धरला. तेथील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९६२ मध्ये सापेक्ष मूल्यांची एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. १९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर ही शासकीय विमा योजना कायद्याने अस्तित्वात आली आणि १९६६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने वैद्यकीय सेवांच्या संकेतांकांचा, म्हणजे सीपीटीचा, पहिला ग्रंथ काढला. या तीन गोष्टींच्या संगमातून आजची पद्धत आकाराला आली.

या पद्धतीचे सूत्र एका ओळीचे आहे. मूळ एकके अधिक काळाची एकके अधिक विशेष परिस्थितीची एकके, यांच्या बेरजेला एका दराने गुणावयाचे.

मूळ एकके म्हणजे त्या कामाची अंगभूत जोखीम आणि कौशल्य. भुलीचे संकेतांक पाच अंकी असून ते ००१०० पासून सुरू होतात आणि साधारणतः शरीराच्या भागांनुसार, मस्तकापासून खाली अशा क्रमाने लावलेले आहेत. डोळ्यातील मोतीबिंदूच्या भुलीला, संकेतांक ००१४२, चार मूळ एकके आहेत. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना लागणाऱ्या भुलीला, ००७९०, सात. गुडघा पूर्ण बदलण्याच्या भुलीला, ०१४०२, सात. हृदय थांबवून यंत्रावर रक्ताभिसरण चालवावयाच्या प्रौढांच्या शस्त्रक्रियेला, ००५६२, वीस. एकाच बैठकीत दोन-तीन शस्त्रक्रिया झाल्या तरी सर्वाधिक मूल्याचा एकच संकेतांक घेतला जातो आणि वेळ मात्र एकूण धरला जातो.

काळाचे एक एकक म्हणजे पंधरा मिनिटे. मेडिकेअर त्याचा दहाव्या भागापर्यंत हिशेब करते. हा काळ केव्हा सुरू होतो आणि केव्हा संपतो, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियागृहात किंवा तत्सम जागी रुग्णाची भुलीसाठी तयारी सुरू करतो त्या क्षणी काळ सुरू होतो. रुग्ण शस्त्रक्रियोत्तर देखरेखीखाली सुरक्षितपणे सोपविला गेला की तो संपतो. शल्यविशारदाने शेवटचा टाका घातला म्हणून भूल संपत नाही. जोपर्यंत तो जीव दुसऱ्याच्या हाती सुखरूप दिला जात नाही तोपर्यंत राखणदाराची जबाबदारी संपत नाही, आणि म्हणून त्याचे घड्याळही थांबत नाही. ही व्याख्या मला नेहमीच उदात्त वाटत आली आहे.

विशेष परिस्थितीची एकके खासगी विमा कंपन्यांपैकी काही देतात, मेडिकेअर देत नाही. रुग्णाच्या प्रकृतीच्या सहा श्रेणी आहेत. तिसऱ्या श्रेणीच्या गंभीर व्याधीस एक, चौथीस दोन, पाचवीस तीन एकके. वय एक वर्षाहून कमी किंवा सत्तरीहून अधिक असल्यास एक, तातडीच्या प्रसंगी दोन.

आता एक उदाहरण घेऊ. अडुसष्ट वर्षांच्या एका आजीबाईंचे पित्ताशय काढले. भूल सकाळी ७ वाजून ३२ मिनिटांनी सुरू झाली आणि ९ वाजून १७ मिनिटांनी संपली. एकूण १०५ मिनिटे, म्हणजे काळाची सात एकके. मूळ एकके सात. बेरीज चौदा. मेडिकेअरचा दर गेली कैक वर्षे एका एककामागे वीस-बावीस डॉलरच्या आसपास राहिला आहे. २०१९ मध्ये तो बावीस डॉलरच्या किंचित वर होता, २०२५ मध्ये वीस डॉलर बत्तीस सेंटच्या सुमारास आला. सोयीसाठी वीस धरू. चौदा गुणिले वीस, म्हणजे २८० डॉलर. वार्षिक ठरावीक रक्कम रुग्णाने भरून झाली असल्यास यांपैकी ऐंशी टक्के मेडिकेअर देते आणि वीस टक्के, म्हणजे ५६ डॉलर, आजीबाईंच्या किंवा त्यांच्या पूरक विम्याच्या माथी येतात.

कोणाच्या हाताने?

हिशेब येथे संपत नाही. भूल कोणी दिली हेही सांगावे लागते. अमेरिकेत भूलतज्ज्ञ डॉक्टरांबरोबर नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट म्हणून ओळखले जाणारे उच्चप्रशिक्षित परिचारक-परिचारिका मोठ्या संख्येने हे काम करतात. डॉक्टराने स्वतः सारे काम केले तर देयकावर 'एए' ही खूण येते. एकच डॉक्टर एकाच वेळी दोन ते चार दालनांतील भुलीचे मार्गदर्शन करीत असेल तर 'क्यूके', आणि त्या दालनातील परिचारिकेच्या देयकावर 'क्यूएक्स'. तेव्हा २८० डॉलरचे दोन समान भाग होतात, १४० आणि १४०.

मात्र असे मार्गदर्शन केल्याचा दावा करावयाचा तर डॉक्टराने सात अटी पाळल्याची नोंद असावी लागते. भुलीपूर्वी रुग्णाची तपासणी, भुलीची योजना, रुग्णाला भूल देताना व शुद्धीवर आणताना तसेच इतर अवघड टप्प्यांवर प्रत्यक्ष सहभाग, पात्र व्यक्तींकडूनच काम करवून घेणे, वरचेवर देखरेख, तातडीस धावून येता येईल अशी प्रत्यक्ष उपस्थिती, आणि शस्त्रक्रियेनंतरची आवश्यक काळजी. पाचवे दालन उघडले की हे मार्गदर्शन राहत नाही, ती केवळ देखरेख ठरते. मग डॉक्टराला तीन एकके मिळतात, आणि भूल देताना तो हजर होता अशी नोंद असल्यास आणखी एक. म्हणजे १४० ऐवजी फार तर ८० डॉलर.

या नियमामागील तत्त्व साधे आहे. एक माणूस एका वेळी किती जिवांची राखण करू शकतो, याला मर्यादा आहे. कागदावर ती मर्यादा ओलांडणे फार सोपे असते आणि म्हणूनच तो कागद तपासणारा कोणी असावा लागतो.

या कागदाचीही एक कथा आहे. १८९० च्या दशकात हार्वी कुशिंग नावाचा वैद्यकीय विद्यार्थी बोस्टनला ईथर देत असता एक रुग्ण त्याच्या हाताखाली दगावला. तो हादरून गेला. पुढे त्याने आणि त्याचा सहाध्यायी अ‍ॅमोरी कॉडमन याने भूल चालू असताना नाडी आणि श्वास कागदावर टिपून ठेवण्यास आरंभ केला. भुलीच्या नोंदपत्रकाचा हा उगम. आज ज्या पत्रकावरून आम्ही पैशाची आकारणी करतो ते पत्रक मुळात एका मृत्यूच्या पश्चात्तापातून जन्मले आहे. म्हणून मी माझ्या हाताखालील मुलांना सांगतो की हा कागद आधी रुग्णाचा आहे, नंतर विमा कंपनीचा.

माझी एक चूक

आता थोडे स्वतःविषयी. २००८ च्या सुमारास, वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन, मी या व्यवसायात आलो. तेव्हा पत्रके हस्तलिखित असत आणि त्यांची छायाचित्रे रात्रीतून आमच्याकडे येत. दिवसाला ठरावीक संख्येने पत्रके पूर्ण करावी लागत.

मघाशी सांगितलेले आजीबाईंचे उदाहरण कल्पित नाही. त्या पत्रकावर भूल संपल्याची वेळ घाईने लिहिलेली होती. एकाचा आकडा वर किंचित वळलेला होता. मला तो चार वाटला. ९ वाजून १७ मिनिटांचे मी ९ वाजून ४७ केले. तीस मिनिटे वाढली, दोन एकके वाढली, २८० चे ३२० झाले. मी पुढच्या पत्रकाकडे वळलो.

आमच्याकडे पडताळणी करणाऱ्या एक ज्येष्ठ बाई होत्या. त्यांनी मला बोलावले आणि शुश्रूषागृहातील परिचारिकेची नोंद समोर ठेवली. रुग्ण तेथे ९ वाजून २० मिनिटांनी दाखल झाला, असे तीत स्वच्छ लिहिले होते. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "चाळीस डॉलर वाढले. त्यातले आजीचे किती?" मी हिशेब केला. आठ डॉलर. म्हणजे तेव्हाचे साडेतीनशे-चारशे रुपये. मी म्हणालो, "मॅडम, आकडा वाचता आला नाही." त्या म्हणाल्या, "वाचता आला नाही तर विचारायचे असते. आपल्या सोयीचा वाचायचा नसतो."

त्या वाक्याने मी आजतागायत अस्वस्थ होतो, कारण ते खरे होते. तो आकडा एक आहे की चार, अशी शंका मला क्षणभर आली होती. शंका आली असता जो आकडा मोठा तो मी निवडला. कोणी सांगितले नव्हते, त्यात माझा लाभ नव्हता. केवळ थांबून विचारण्याचा आळस होता. दावा दुरुस्त करून पुन्हा पाठविला गेला. परंतु त्या दिवसापासून मला कळले की हिशेबातील अप्रामाणिकपणा नेहमी लोभातूनच येतो असे नाही. पुष्कळदा तो घाईतून येतो.

त्या रविवारी गावी आलो तेव्हा वडिलांना हे सांगितले. ते म्हणाले, "रोज सकाळी दुकान उघडले की मी पहिल्यांदा काट्याला पासंग आहे का ते बघत असे. पासंग कोणी मुद्दाम करत नाही रे. धूळ बसते, दोरी झिजते. पण तो ज्याच्या बाजूला पडतो तो मात्र कधी बोलत नाही."

आणि एक कठीण प्रसंग

काही वर्षांनी मी स्वतः पडताळणी करू लागलो. एका वैद्यकीय समूहाचे काम आमच्याकडे होते. त्यांची पत्रके पाहताना माझ्या ध्यानात आले की महिनोन्महिने भुलीच्या जवळजवळ सर्व वेळा शून्यावर किंवा पाचावर संपत आहेत. ७:३०, ९:१५, १०:४५. खऱ्या जगात घड्याळ असे वागत नाही. आणखी पाहिले तेव्हा एकाच डॉक्टरच्या नावे, एकाच वेळी, पाच दालने चालू असल्याचे काही दिवस आढळले, आणि दावा मात्र चारच्या मर्यादेतील मार्गदर्शनाचा होता.

थोडा विचार करा. ९:१७ चे ९:२४ केले तर सात मिनिटे वाढतात. काळाची एकके सातची साडेसात होतात आणि देयक अवघ्या दहा डॉलरने वाढते. कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण दिवसाला शंभर रुग्ण आणि वर्षाचे अडीचशे दिवस धरा, रक्कम अडीच लाख डॉलर होते. अमेरिकेत १८६३ पासून, म्हणजे यादवी युद्धाच्या काळापासून, शासनाकडे खोटा दावा करण्याविरुद्ध कायदा आहे. नुकसानीच्या तिप्पट वसुली आणि त्याखेरीज प्रत्येक खोट्या दाव्यामागे दंड. २०२५ मध्ये हा दंड एका दाव्याला चौदा हजार ते अठ्ठावीस हजार डॉलरच्या घरात होता. जास्त आलेली रक्कम ध्यानात आल्यावर ती साठ दिवसांत परत करावी, असेही २०१० च्या कायद्याने बंधन घातले आहे.

मी अहवाल लिहिला. वरिष्ठांनी तो पुढे पाठविला. उत्तर आले की पत्रकावर जे लिहिले आहे तेवढेच तुम्ही टंकलिखित करावे. आमच्या वरिष्ठांनी सौम्य शब्दांत पुन्हा लिहिले. काही महिन्यांनी ते काम आमच्याकडून काढून घेण्यात आले. कारण दिले गेले नाही.

त्या कामावर चौदा जण होते. त्यांपैकी चौघे आपल्याच भागातील, दोघे तर याच वसतिगृहात राहिलेले, माझ्याच शब्दावर या व्यवसायात आलेले. सहा जणांना दुसरीकडे सामावून घेता आले, उरलेल्यांना नाही. एका मुलाने नुकतेच बहिणीच्या लग्नासाठी कर्ज काढले होते. त्याने मला दूरध्वनीवर विचारले, "दादा, आपण गप्प बसलो असतो तर काय बिघडले असते?"

मित्रहो, सत्याचा विजय झाला, असे सांगून मला ही कथा पूर्ण करता येत नाही. त्या समूहाचे पुढे काय झाले हे मला कळले नाही. तो मुलगा चार महिने घरी बसला आणि मग हैदराबादला गेला. त्याच्या प्रश्नाला तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. आज देतो. आपण गप्प बसलो असतो तर त्या पट्टीवर आपलाही अंगठा उठला असता. आणि ज्यांच्या खिशातून ते आठ-आठ, दोन-दोन डॉलर जात होते ती माणसे भुलीत होती. त्यांच्या वतीने वेळ पाहणारे दुसरे कोणी नव्हते. तरीही हे मान्य केले पाहिजे की त्या प्रामाणिकपणाची किंमत मी एकट्याने मोजली नाही. ती त्याने अधिक मोजली. ती सल मनात आहे आणि ती राहावी असेच मला वाटते.

दुसरी बाजू

याचा अर्थ भूलतज्ज्ञ लबाड आणि विमा कंपन्या साव, असा कोणी घेऊ नये. अमेरिकन शासनाच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००७ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २००४ साली भुलीच्या सेवेसाठी मेडिकेअरने दिलेली रक्कम खासगी विम्याच्या तुलनेत सरासरी ६७ टक्क्यांनी कमी होती. भूलतज्ज्ञांची ही तक्रार आजही कायम आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथेम ब्लू क्रॉस ब्लू शील्ड या मोठ्या विमा कंपनीने काही राज्यांत भुलीच्या वेळेला मर्यादा घालण्याचे धोरण जाहीर केले. ठरलेल्या मिनिटांपुढील वेळेचे पैसे मिळणार नव्हते. शस्त्रक्रिया लांबली तर भूलतज्ज्ञाने काय करावे, रुग्णाला अर्ध्यावर जागे करावे काय, असा संताप सर्वत्र व्यक्त झाला आणि डिसेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यातच कंपनीने ते धोरण मागे घेतले. मिनिटे वाढवून लिहिणे जितके अयोग्य तितकेच खरी मिनिटे नाकारणेही अयोग्य. पासंग दोन्ही पारड्यांना असू शकतो.

थोडे उपयोगाचे

आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत आणि आपण तेथे जाता-येता. म्हणून दोन शब्द व्यवहाराचे. तेथे शस्त्रक्रियेचे देयक एक नसते. रुग्णालयाचे, शल्यविशारदाचे आणि भूलतज्ज्ञाचे वेगवेगळे येते. पूर्वी रुग्णालय विम्याच्या यादीत असूनही भूलतज्ज्ञ यादीबाहेरचा निघे आणि मोठी रक्कम अंगावर येई. डिसेंबर २०२० मध्ये संमत होऊन १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या 'नो सर्प्रायझेस' कायद्याने यादीतील रुग्णालयात अशा जादा वसुलीस बहुतांशी आळा घातला. परंतु हे संरक्षण तेथील नेहमीच्या आरोग्य विम्याला आहे. प्रवासी विम्यावर जाणाऱ्या आई-वडिलांनी ते आपणांस मिळेलच असे गृहीत धरू नये. विमा नसल्यास किंवा स्वतः पैसे भरावयाचे असल्यास नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी खर्चाचा लेखी अंदाज मागण्याचा अधिकार आहे. प्रत्यक्ष देयक त्याहून ४०० डॉलर किंवा अधिक आले तर दाद मागता येते. तपशीलवार देयक मागावे, भूल सुरू झाल्याची व संपल्याची वेळ पाहावी, आणि शंका असल्यास विचारावे. विचारण्यात अपमान नाही, कोणाचाच.

विद्यार्थी मित्रांना सांगावेसे वाटते की जीवशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र, परिचर्या अशा शाखांच्या पदवीधरांना या व्यवसायात वाव आहे. शरीररचना आणि वैद्यकीय परिभाषा पक्की हवी, मान्यताप्राप्त परीक्षा द्यावी लागते आणि दरवर्षी बदलणारे नियम अभ्यासावे लागतात. १ ऑक्टोबर २०१५ रोजी निदानाच्या संकेतांकांची संपूर्ण पद्धतच बदलली, तेव्हा आम्ही सर्वांनी पुन्हा पहिलीपासून शिकलो. आता साध्या पत्रकांचे संकेतन संगणकाची कृत्रिम बुद्धी करू लागली आहे. केवळ टंकलेखन करणाऱ्यांचे दिवस सरत आहेत. परंतु आकडा वाचता येत नाही तेव्हा थांबून विचारणारा आणि सर्व वेळा पाचावर का संपतात असे म्हणणारा माणूस लागणारच आहे.

समारोप

आपल्या श्रावकाचाराने हिशेबाचा विषय कधी गौण मानलेला नाही. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'हीनाधिकमानोन्मान', म्हणजे घेण्याचे माप मोठे आणि देण्याचे लहान ठेवणे, आणि सत्य अणुव्रताच्या अतिचारांत 'कूटलेखक्रिया', म्हणजे खोटा लेख करणे, यांचा स्पष्ट उल्लेख आहे. वसतिगृहातील पाठशाळेत हे शब्द मी केवळ पाठ केले होते. त्यांचा अर्थ मला पुष्कळ पुढे, सातासमुद्रापलीकडील एका अनोळखी आजीच्या पत्रकावर, एक की चार अशा एका आकड्यापाशी समजला.

वडील प्रत्येक पट्टीच्या खाली न चुकता लिहीत, 'चूकभूल देणेघेणे'. लहानपणी मला ती केवळ रीत वाटे. आज वाटते की तो एक करार आहे. माझी चूक निघाली तर मी देईन, तुमची निघाली तर तुम्ही द्या, आणि या देण्याघेण्यासाठी वही दोघांनाही खुली राहील. ज्या सेवेचे नावच 'भूल' आहे तिच्या हिशेबाखाली याहून योग्य अक्षरे कोणती असणार?

या संस्थेने पन्नास वर्षांत माझ्यासारख्या कित्येक मुलांना आसरा दिला, अन्न दिले, शिकविले, आणि तिची वही नेहमी उघडी ठेवली. तिच्या शताब्दीच्या वेळी आपल्यापैकी जे असतील त्यांनाही ती तशीच उघडी सापडो, एवढी प्रार्थना करतो. माझ्या बोलण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास उदार मनाने क्षमा करावी. चूकभूल देणेघेणे.

जय जिनेंद्र.